थप्पीवरचा माणूस

बातमी आली तेव्हा मी तुमसरच्या धान बाजारात एका व्यापाऱ्याशी भांडत होतो. भांडण नेहमीचंच. माझ्या तळहातावर धानाचा नमुना होता. तो म्हणत होता दाण्यात ओल आहे, मी म्हणत होतो ओल तुझ्या नजरेत आहे. आजूबाजूला दहा-पाच लोक मजा बघत उभे होते, कारण माझा आवाज चढला की आवारातली माणसं हातातलं काम टाकून येतात. तेवढ्यात यादोरावचा फोन आला. यादोराव माझ्या जुन्या हमाल टोळीतला. कामाच्या वेळी तो कधी फोन करत नाही. मी फोन कानाला लावला. तो म्हणाला, "बंडूभाऊ, मुखरूभाऊ फळीवरून पडला." मी विचारलं, "कोणत्या दवाखान्यात नेऊन राहिले?" तो म्हणाला, "तुम्ही या." मी पुन्हा विचारलं, ओरडून विचारलं. तो पुन्हा तेवढंच म्हणाला. समोरच्या व्यापाऱ्याने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "जा, तुम्ही सांगाल तोच भाव." आयुष्यात पहिल्यांदा मी जिंकलेला सौदा न लिहिता निघून गेलो.

आज मला लोक दलाल म्हणून ओळखतात. धानाचा दलाल, आणि तोंडाचा तिखट. पण मी या बाजारात आलो तो पाठीवर ओझं घ्यायला. लाखनीकडच्या गावातून घरी भांडून निघालो होतो. खिशात काही नव्हतं, डोक्यात राग होता. एका राइस मिलमध्ये हमालांच्या टोळीत जागा मिळाली. त्या टोळीचा मुकादम मुखरूभाऊ. उंच, हाडकुळा, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि आवाज असा की मिल चालू असताना रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला तो तिथूनच चहा सांगायचा. हा आवाज त्याने दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, कमावला होता. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, तेव्हा त्याच्या गावच्या दंडारीत तो सोंग घ्यायचा. कधी पाटील, कधी पाटलीण. पाटलिणीच्या सोंगात तो गावच्या खऱ्या पाटलालाही सोडत नसे.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. धानाने भरलेल्या पोत्याला आम्ही कट्टा म्हणतो. गोदामात कट्ट्यावर कट्टा रचत जी भिंत उभी राहते ती थप्पी. थप्पी कमरेच्या वर गेली की तिला लाकडी फळी लावतात, आणि पाठीवर कट्टा घेऊन हमाल त्या फळीवरून वर चढतात. एकामागे एक, मुंग्यांसारखे. पाठीवर कट्टा असला की मान वाकलेली असते. दिसते फक्त स्वतःच्या पायाखालची वीतभर जागा, आणि डोळ्यांत घाम उतरला की तीही नाही. पुढचा अडखळला हे कळत नाही. फळी सरकली हे कळत नाही. थप्पीतला खालचा एखादा कट्टा पोट काढून बाहेर येतोय, आता सगळी भिंत अंगावर येणार, हे तर मुळीच कळत नाही.

म्हणून मुखरूभाऊच्या टोळीत एक माणूस थप्पीवर उभा असायचा. तो ओझं उचलत नसे. वर आलेला कट्टा उतरवून घ्यायचा, रचायचा, आणि बाकी सारा वेळ खाली पाहत राहायचा. फळीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो नावाने हाक मारायचा आणि त्या माणसाने उत्तर द्यायचं. प्रत्येक खेपेला. दिवसभर. बहुतेक वेळा हा माणूस मुखरूभाऊच असे. आणि त्याची हाक म्हणजे नुसतं नाव नव्हे.

"आला रे आला, लाखनीचा फटाका आला! बंड्या, फळीवर फुटू नोको, वर येऊन फूट!"

"हाव!"

"यादोराव! सासऱ्यानं गादी देल्ली, पाठ नाही देल्ली लेका! डाव्या बाजूनं चाल!"

"हाव जी!"

"गोवर्धन, पोट वर आलं बाप्पा, पाय खालीच राह्यले! त्यायले बी बलाव!"

फळीवरच्या फळीवर माणसं हसायची. मुनीम वैतागायचा. मला सुरुवातीला भयंकर राग यायचा. एकदा वर पोचल्यावर मी कट्टा आदळला आणि विचारलं, "काहून रोज माझी चेष्टा करता? सरळ नाव घेता येत नाही?" तो खर्रा थुंकला आणि म्हणाला, "अबे, रोजची हाक कान ऐकत नाही. बसमधला कंडक्टर रोज म्हणते, पुढं सरका. कोणी सरकते का?" खरंच, तो एक हाक दुसऱ्या दिवशी पुन्हा मारत नसे. आज आपल्याला काय ऐकायला मिळणार म्हणून माणूस वाकलेल्या मानेनेही कान उघडे ठेवायचा. कान उघडे म्हणजे माणूस जागा. एवढाच त्याचा हिशोब होता.

आणि उत्तराचंही तसंच. 'हाव' म्हटलं की काम संपलं असं नव्हतं. तो 'हाव' ऐकायचा. एका मे महिन्यात, उन्हाळी धान येत होतं तेव्हा, गोवर्धन फळीच्या मध्यावर होता. मुखरूभाऊने त्याच्या नव्या चपलांवरून काहीतरी टोमणा मारला. गोवर्धनने उत्तर दिलं, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मुखरूभाऊ वरून ओरडला, "थांबा रे! कोणी हलू नोका!" आणि फळीवरून स्वतः खाली आला, त्याच्या पाठीवरचा कट्टा आपल्या पाठीवर घेतला. गोवर्धन चिडला. "मले काय झालं? मी काय म्हातारा आहो?" मुखरूभाऊ म्हणाला, "तुहा आवाज पतला आला. जा, निंबाखाली बस." गोवर्धन शिव्या देत निंबाखाली गेला, आणि बसल्या बसल्या एका अंगावर कलंडला. ऊन लागलं होतं. आम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेलं. चढता चढता तसं झालं असतं तर कट्ट्यासकट मागच्यांवर गेला असता. त्या दिवसानंतर मी हाकेला पुन्हा कधी चिडलो नाही. गोवर्धन मात्र चिडायचा. "च्या मायले, माणसानं आवाज बी जपून काढावा लागते या टोळीत," म्हणायचा.

एक नियम तेवढा कडक होता. हाकेला उत्तर आलं नाही, तर सगळ्यांनी जिथल्या तिथे उभं राहायचं. जो उत्तर देत नाही तो ठीक आहे हे कळेपर्यंत फळीवर नवा पाय पडायचा नाही. मग ट्रक थांबो, मुनीम धावत येवो, की शेठ स्वतः केबिनमधून हात हलवो. कधी कधी माणूस नुसता विचारात असायचा, घरचं काही डोक्यात असायचं. पण तेच तर भाऊला पकडायचं होतं. तो त्याला खाली उतरवून विचारायचा, "काय डोक्यात घेऊन आला? तो कट्टा आधी खाली ठेव."

मी टोळीत काही वर्षंच होतो. वजनकाट्यावरून मुनिमाशी माझं वाजलं, मी मिल सोडली, आणि बाजारात शेतकऱ्यांच्या बाजूने भाव ओढायला लागलो. मुखरूभाऊला सांगायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "बरं केलं. तुहं ओझं पाठीत नाही, तोंडात आहे. तेथीच कमावशीन." कमावलं. गोदाम झालं. मग मी त्याला माझ्याकडे बोलावलं. ओझं उचलायचं नाही, खुर्चीवर बसायचं आणि देखरेख करायची. एक अख्खी दुपार मी त्याच्याशी सौदा करत बसलो. मी ज्या युक्त्यांनी व्यापाऱ्यांना वाकवतो त्या सगळ्या वापरल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं, खर्रा घोटला, मला अर्धा दिला आणि विचारलं, "खुर्चीवरून फळी दिसते का?" मी म्हणालो, "कशी दिसेल?" तो म्हणाला, "मंग?" ... एवढंच. तो सौदा मी एका शब्दात हरलो. त्याचा मला राग होता आणि आजही आहे. तो आला असता तर आज हे लिहायला बसलो नसतो.

या हंगामाच्या सुरुवातीला त्या मिलमध्ये नवा मॅनेजर आला. माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. त्याला एवढंच दिसलं की सगळे उचलतात आणि एक जण वर उभा राहून ओरडतो. त्याने मुनिमाला विचारलं, "हा काय करतो?" मुनीम म्हणाला, "हाका मारते." दोघे हसले. दुसऱ्या दिवसापासून वरचा माणूस बंद. ज्याची खेप त्याने स्वतः रचायची आणि उतरायचं. हमाल कुरकुरले, पण हंगाम तोंडावर होता आणि टोळ्या बाहेरून आणता येतात हे मॅनेजरने ऐकवलं होतं. मुखरूभाऊने टोळी बुडू नये म्हणून पाठीवर कट्टा घेतला. या वयात.

त्यानंतर तो मला एकदाच भेटला. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर. मी विचारलं, "ऐकलं ते खरं आहे का?" तो म्हणाला, "हाव. हाका मारतो मी अजून. कट्ट्याखालून मारतो. पण बंड्या, आंधळ्या हाका आहेत त्या. म्हणतो 'पाय पाहून ठेव', अन् मलेच माहा पाय दिसत नाही." मी उठलोच. म्हणालो, आत्ता शेठकडे जातो. त्याने माझा हात धरून खाली बसवलं. "तू गेला का भांडण होते. भांडण झालं का टोळी जाते. हंगाम निघू दे, मग मीच बोलतो." मग त्याने टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, "याच्या चहात साखर डबल टाक, तोंड कडू झालं याचं!" ... आमचं शेवटचं बोलणं ते.

पुढचं यादोरावकडून कळलं. तो फळीवर मुखरूभाऊच्या मागेच होता. पुढे चालणाऱ्या एकाच्या कट्ट्याची शिवण उसवली आणि धान फळीवर सांडत गेलं. ज्याच्या पाठीवरून सांडत होतं त्याला ते कळणं शक्य नव्हतं. मागून येणाऱ्याला दिसणं शक्य नव्हतं. लाकडावर सुकं धान पसरलं की त्यावर पाय ठरत नाही, दाणे पायाखाली गरगर फिरतात. वर कोणी असता तर पहिली मूठ सांडली तेव्हाच ओरडला असता. वर कोणी नव्हतं. मुखरूभाऊचा पाय गेला. तो बाजूने खाली पडला आणि कट्टा त्याच्यावर.

मिल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बंद राहिली. मग मॅनेजरने सुरक्षेची सभा घेतली. आवारात फोटो, फोटोला हार. सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या. कट्टा पाठीवर घेताना ती टोपी डोक्यावर राहू शकत नाही. आता झाडणाऱ्या बाया त्या टोप्यांत सांडलेलं धान गोळा करतात. त्या सभेत मॅनेजर म्हणाला की मुखरूजी अनुभवी होते, पण एका क्षणाचा निष्काळजीपणा जिवावर बेतला, तेव्हा सगळ्यांनी यातून धडा घ्यावा आणि पाय पाहून ठेवावा. पाय पाहून ठेवावा! ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय पाहिले त्याच्या फोटोसमोर उभं राहून.

तेरवीनंतर मी मुखरूभाऊच्या घरी, वहिनींकडे गेलो. कौतुकावहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी नेहमीसारखा तावातावाने बोलत होतो, याला बघतो, त्याला बघतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं. "भाऊजी, लोक बसायले येतात ना, ते जाताना हळूच इचारतात. सकाळी थोडी घेऊन तर नव्हते गेले? रात्री झोप नव्हती का? घरी काही भांडणगिंडण?" त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "सभेत त्यायची चूक म्हटली, आता सारे चुकीचं कारण शोधून राहिले. उद्या माह्यावरच येईन. सकाळी म्या काय म्हटलं अन् काय नाही." त्या रडल्या नाहीत. मला वाटतं रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय पाहिजे?" त्या म्हणाल्या, "जेथं म्हटलं, तेथंच वापस घ्यावं. दुसरं काही नाही."

मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. माझ्याकडून त्या मिलमध्ये पुष्कळ धान जातं, त्यामुळे दार लगेच उघडलं. चहा आला.

"बहुत बुरा झालं, बंडूजी. घरच्यांची काळजी करू नका, आम्ही आहोत."

"घरच्यांसाठी नाही आलो. मले एक वाक्य पाहिजे."

"कसलं वाक्य?"

"वरचा माणूस काढला, हे आमचं चुकलं. एवढंच. मॅनेजर बोलला त्या जागी उभं राहून, त्याच लोकांसमोर."

शेठने खिडकीतून बाहेर पाहिलं. "वरचा माणूस पुन्हा उभा करून देतो. चालेल?"

"तो तर करालच. वाक्य?"

"गोदामात मोठा फोटो लावू. दरवर्षी हार घालू."

"फोटो कायले? फोटो काय हाक मारते?"

"देखो, तुम्ही घरचे आहात." त्यांनी आवाज खाली आणला. "मी तुमच्यासमोर म्हणतो. चुकलं. झालं समाधान? पण हमालांसमोर मालकानं असं म्हटलं की उद्यापासून मिल कोण चालवणार?"

मी आयुष्यभर सौदे केले. समोरचा अर्ध्यावर आला की हात मिळवायचा, बाकीचं अर्धं पुढच्या वेळी, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. त्या दिवशी मी हात पुढे केला नाही. माझ्याजवळ म्हटलेलं माझ्याजवळच राहणार होतं, आणि वहिनींच्या ओसरीवर लोक विचारतच राहणार होते. मी कप असा ठेवला की बशीचे दोन तुकडे झाले. म्हणालो, "शेठ, माझं धान या दारात येणार नाही, मीही नाही." ते म्हणाले, "दुसरा दलाल आणील." आणणारच. बाजार कोणासाठी थांबत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी हरून बाहेर आलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही, राग येतो. ते वाक्य शेठ म्हणत नाहीत, म्हणून मी इथे म्हणतो: मुखरूभाऊची चूक नव्हती. वरचा माणूस काढला होता. पण मी म्हटल्याने काय होतं? मी तर त्याचा माणूस.

तेरवी होईपर्यंत टोळी कामावर गेली नव्हती; पुन्हा जायला निघाली तेव्हा त्यांनी फक्त एक गोष्ट सांगितली. वर माणूस नसेल तर फळी चढणार नाही. मॅनेजरने ते मान्य केलं. आता थप्पीवर यादोराव उभा राहतो. त्याला टोमणे जमत नाहीत. परवा मी रस्त्यावरून जात होतो, गेटपाशी थांबलो. आत जाणार नव्हतो; माझा शब्द आहे. सकाळचं काम सुरू व्हायचं होतं. हमाल खाली रांगेत उभे, पहिल्याच्या पाठीवर कट्टा चढलेला. यादोरावने वरून पहिली हाक मारली.

"मुखरूभाऊ!"

मला वाटलं, त्याच्या तोंडून चुकून निघालं. पण खाली कोणी दचकलं नाही, कोणी हललं नाही. उत्तर आलं नाही, म्हणून सगळे जिथल्या तिथे उभे. पहिला हमाल कट्ट्याखाली वाकलेला, पाय फळीच्या अलीकडे. मुनीम दारात आला. मॅनेजर आला. केबिनच्या काचेमागे शेठ उभे दिसले. कोणी काही मागत नव्हतं. शेठला पूर्ण माहीत होतं हे कोणत्या वाक्यासाठी आहे. चहावाल्याने मला सांगितलं, "रोजचंच आहे हे. उगवला दिवस का हेच." मी म्हणालो, "अन् मंग?"

त्याने बोट दाखवलं. यादोराव वरून फळीकडे पाहत होता. खालच्या टोकाकडे, मग थोडं वर, मग मध्यावर... नजर सावकाश सरकत होती, ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाच्या चालीने. खालच्या सगळ्यांची मान तशीच वर वर जात होती. फळीच्या शेवटाशी यादोरावने वाकून दोन्ही हात पुढे केले, जसा कट्टा उतरवून घेतात तसे. मग सरळ झाला.

"चला," तो म्हणाला. "भाऊ वर पोचला."

आणि मग पहिल्या हमालाने फळीवर पाय ठेवला.